पाहावे

आन्सेल्मानं अर्ज दिला, तेव्हा अधीक्षकांनी
कोपऱ्यात हिरव्या शाईनं एकच शब्द लिहिला: पाहावे.
कुणी, ते लिहिलं नाही.
मग मीच पाहत आले. साडेसहा वर्षं.

अर्जात चार ओळी होत्या.
गर्भपाताच्या टेबलाशी मी उभी राहणार नाही,
बाकी कुठलीही ड्यूटी द्या,
रात्रपाळी द्या, जळिताची द्या, शवागाराची द्या.
खाली सही, आणि सहीखाली
बारीक अक्षरात: क्षमस्व.

देवगडच्या रुग्णालयात आम्ही सिस्टर चौघी,
त्यातली एक कायम कुठल्यातरी शिबिरात,
एक बाळंतपणाच्या रजेवर.
म्हणून शुक्रवार माझा झाला.
ट्रे माझा. फॉर्मवर अंगठा उठवताना
धरायचं मनगट, तेही मीच धरायचं.
'जरासंच दुखेल हां', हे खोटं माझं.
बदल्यात ती माझ्या चतुर्थीच्या पाळ्या करायची,
पाचही दिवस, कुरकुर न करता.

तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.
'नाही' म्हणणारीचं मन कागदावर येतं,
त्याला आवक क्रमांक मिळतो.
'हो' म्हणणारीचं कुठल्या वहीत चढवतात?

मी खोबरेकरांची, मासळीवर वाढलेली.
पण शुक्रवारी संध्याकाळी बंदरावर जात नाही.
सुरमईच्या पोटाला सुरी लावणं
त्या एका दिवशी होत नाही माझ्यानं.
काळ्या वाटाण्याचं सांबारं करते.
नवरा विचारतो, उपास काय?
मी म्हणते, हो.
आणि आन्सेल्मा शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून
डब्यात बांगडाच आणते.
यावर आम्ही एकदा खूप हसलो होतो,
इतकं, की वॉर्डातून म्हातारी ओरडली.
मग दोघींनीही डबे लावून टाकले.

मला लेप्टो झाला त्या आठवड्यात
सोमवारी मिठमुंबरीची एक बाई आली,
बावीसची, एकटी, ओढणीचं टोक दातात.
आन्सेल्मा म्हणाली, शुक्रवारी ये.
त्यात खोटं नव्हतं,
नियमाविरुद्ध तर काहीच नव्हतं.
ती म्हणाली, 'शुक्रवारी माझो बापूस येतलो बोटीवरसून.'
आन्सेल्मानं ऐकलं,
आणि पुढचा केसपेपर उचलला.

बुधवारी पहाटे तिला रिक्षातून उतरवली.
कुणीतरी दिलेल्या कसल्यातरी गोळ्या.
सीट भिजलेली, ड्रायव्हरची चादर भिजलेली.
डॉक्टर होते. सिस्टर एकच.
आन्सेल्मानं शीर शोधली, बाटली मुठीत दाबून धरली,
टेबलाशी उभी राहिली.
ट्रे धरला. उरलेलं आलं, ते पाहिलं.
मग ओरोसपर्यंत अँब्युलन्समध्ये,
नांदगाव तिठ्यापर्यंत प्रार्थना,
पुढे नुसतंच नाव:
वैजू, डोळे उघड. वैजू. गो वैजू.

वैजू जगली.

आठव्या दिवशी आन्सेल्मा माझ्याकडे पेज घेऊन आली.
खुर्ची असताना उंबऱ्यावर बसली.
'अजूनही नाही उभी राहू शकत मी,' म्हणाली.
माहीत आहे, म्हटलं.
'पण मी तिला शुक्रवार दिला.
तो माझा नव्हताच. तुझा होता.'
जरा वेळानं, समुद्राकडे बघत:
'तुला कधी नको वाटतं?'

साडेसहा वर्षांत पहिल्यांदा.
पेजेत चमचा फिरवत राहिले.
वाटतं, म्हटलं.
मग टेबलाखाली त्या बाईच्या चपला बघते.
तांबडी माती असली तर कातळावरून आलेली,
वाळू असली तर खाडीपलीकडची.
किती चाललीय, ते कळतं.
मग हात धुते.

आता तिचा नवा अर्ज आहे. पाच ओळी.
पाचवी अशी: आलेल्या बाईला मी वाटेला लावणार नाही.
कोण करेल, कुठं, ते उभ्या उभ्या सांगेन,
आणि इथं कुणी नसेल, तर स्वतः घेऊन जाईन.
या वेळी क्षमस्व नाही.

अधीक्षक बदललेत. यांची शाई निळी.
शब्द तोच.

उद्या शुक्रवार.
वाटाणे भिजत घातलेत.