पट्टी

सत्तावन्न साली व्हर्डेल पेटिग्रू काळी पाचमध्ये गायची.
पिट्सबर्गच्या टेकडीवर, तळलेल्या माशांच्या दुकानावर
एक खोली होती, तिला आम्ही क्लब म्हणायचो.
पियानोची मधली एक पांढरी पट्टी दबली की वर यायचीच नाही.
मी बोटानं तिला चुकवायचो,
व्हर्डेल गळ्यानं.

दिवसा ती लाँड्रीत इस्त्री करायची,
पोलादाच्या कारखान्यातल्या साहेबांचे शर्ट.
मनगटावर भाजल्याच्या तीन रेघा.
म्हणायची, अजून दोन झाल्या
की यांवर सूर लिहिता येतील.

सूर तिला लिहिता येतच नव्हते. ते मी उतरवायचो.
शब्द तिचे, लाँड्रीच्या पावत्यांवर.
पुढं: चार शर्ट, एक कोट, कॉलरला जास्त खळ.
मागं:
तू गेलास त्या रात्री
शेजारणीकडून मीठ उसनं आणलं मी,
कशात घालायचं ते आठवेना.

रेकॉर्ड निघाली. गोल कागदावर गीतकार म्हणून
हॉर्नबेकचं नाव,
ज्याला साधी शिट्टी धड वाजवता येत नव्हती.
ती दिव्याखाली धरून बराच वेळ वाचत राहिली.
म्हणाली, असू दे. चोराचा पत्ता तरी छापून आला.
पण पुढच्या प्रत्येक गाण्यात तिनं
स्वतःचं नाव असं विणलं
की उसवायचं तर गाणंच फाटावं.

मग काळी चार.
मग नगरपालिकेच्या नोटिसा, मग यंत्रं.
माशांचं दुकान गेलं, खोली गेली,
जिना दोन दिवस एकटाच उभा होता, कशालाच न टेकता.

नॉर्वेत बर्गेनला गेलो एकदा, फेब्रुवारीत.
लोक इतके गप्प, की दुसऱ्या गाण्यानंतर
ती माझ्या कानाशी वाकली:
मेलेत का रे सगळे?
शेवटी त्यांनी बुटांनी लाकडी जमीन बडवली, किती तरी वेळ,
तेव्हा कुठं तिनं पाणी मागितलं.

गळ्याच्या ऑपरेशननंतर मी हळूच विचारलं,
पट्टी उतरवू का?
तू कशाला, म्हणाली, मीच उतरते.
जिना माझा आहे.
पांढरी चार. काळी दोन.
मधली अकरा वर्षं कुठलीच नाही:
शाळेच्या कँटीनमध्ये उकडलेले बटाटे वाढणं,
आणि पोरांवर ओरडणं,
तेही तालात, असं पोरं सांगत.

खटल्याचा निकाल लागला तेव्हा हॉर्नबेक वारला होता.
चेक आला चारशे बारा डॉलरचा.
त्यातून तिनं फ्रीज घेतला
आणि शेजारणीच्या मुलीला मिठाची एक पिशवी नेऊन दिली.
मुलीला काही कळलं नाही.

काल चर्चच्या तळघरात
टॅमरा नावाची एक मुलगी तेच गाणं गायली.
काळी पाचमध्ये.
माझी बोटं एवढ्या वर्षांनी वर चढताना धापा टाकत होती.
व्हर्डेल पहिल्या रांगेत, काठी मांडीवर, तोंड मिटलेलं.
पण जिथं तिचा श्वास असायचा
तिथंच तिचे खांदे उचलत होते,
मुलीच्या जरा आधी.

हा पियानो चांगला आहे, नवाच आहे.
तरी त्या एका जागी माझं बोट
सवयीनं पुढच्या पट्टीवर गेलं.
मुलगी दचकली.
व्हर्डेल हसली, आवाज न करता.