उसवण

पहिल्या आठवड्यात एल्ले-मारितने सुई हातात दिलीच नाही.
खरवडणी दिली.
रेनडिअरच्या पायांची कातडी, आठ,
फळीवर ताणून ठोकलेली.
म्हणाली, आतून खरवड,
बाहेरच्या लवेला पत्ता लागता कामा नये.

बाहेर काउतोकेइनो, उणे तीस.
सूर्य महिनाभर रजेवर.
स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली
माझ्या नखांत चरबी, झोपेत चरबी,
त्रोम्सोहून आणलेल्या बंडीला असा वास
की तिचं कुत्रं आता माझंच.

आतल्या बाजूला विलोच्या सालीचं पाणी चोळायचं.
किती दिवस? मी विचारलं.
कातडं कमवायचंय ना तुला, ती म्हणाली,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं
जसं काही ते शेजाऱ्यांचं आहे,
चुकून इथे राहिलेलं.

मग दोरा.
दुकानातला नाही. जनावराच्या पाठीची शीर
वाळवून, कुटून, तंतू तंतू सोडवलेली.
ओठांत ओली करायची
आणि तळव्याने गालावर वळायची.
मांडीवर नको.
गाठ गालाला आधी कळते.
तिसऱ्या दिवशी माझा उजवा गाल सोलला.
ती साठ वर्षं वळते आहे;
तिच्या गालावर एक वाट पडलीय, बारीक,
बर्फातून कोल्हा गेल्यासारखी.

टाके घातले.
तिने आत बोट घालून पाहिलं,
कात्री माझ्याकडे सरकवली.
पुन्हा घातले.
पुन्हा कात्री.
तुझ्या टाक्यांना कुठली बस गाठायचीय?
त्या रात्री मी एकोणीस टाके उसवले
आणि एक शिवी हासडली, नॉर्वेजियनमध्ये.
आईच्या भाषेत मला शिव्याही येत नाहीत.
एल्ले-मारितने ती शिवी मला सामीत सांगितली,
दोनदा, हळू, उच्चार नीट होईपर्यंत,
आणि कॉफी ओतली.

फेब्रुवारीत जोडा झाला.
टोकं वर वळलेली, शिवणीत लाल कापडाची पट्टी,
आत मोजे नाहीत, मळून मऊ केलेलं गवत.
आठ पाय चालून थांबले
तेव्हा कुठे माझे दोन निघाले,
पेट्रोल पंपाजवळच्या उतारावरून,
मान ताठ, कोणी बघतंय का बघत.

सगळे बघत होते.
मी बसल्या बसल्या खाली आले,
थेट दुकानाच्या ढकलगाड्यांपर्यंत.
स्नोस्कूटरवरच्या दोन पोरांनी
जाड हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या, आवाज नसलेल्या.

एल्ले-मारित आली. मला उचललं नाही,
माझा पाय उचलला.
तळावरून हात फिरवला.
तळाची लव मी सगळी एकाच दिशेला लावली होती,
भांग पाडल्यासारखी, सुबक.
अगं, ती म्हणाली,
पुढची मागे वळव, मागची पुढे.
दोघी एकमेकींशी भांडतील
तेव्हाच तू उभी राहशील.

म्हणजे तळ उसवायचा.
दोन्ही.
आता उसवताना हात थरथरत नव्हता.
आपणच घातलेल्या टाक्याला
बाहेरची वाट दाखवणं
हेही एक शिवणच, असं वाटलं. तिला म्हटलं नाही.
ती हसली असती.

मार्चमध्ये रजा संपली.
आता पुन्हा गल्ल्यावर आहे, त्रोम्सोत,
पट्ट्यावरून दूध येतं, पाव येतो,
बुटांची खोकी येतात, जोड्याला जोडा चिकटवलेला,
मी पट्टी वाचते, यंत्र टुक करतं.
शिवण बघायला बोट आत जातं आपोआप.
काल एका आजोबांनी विचारलं,
पोरी, गालाला काय झालं?
हात गालाकडे गेला.
सोललेलं केव्हाच भरलंय,
फक्त एक रेघ, थंडीत लाल होणारी.
मी म्हटलं, दोरा.
त्यांना वाटलं ऐकू नीट आलं नाही.
मग मी तेच सामीत म्हटलं,
सुट्टे पैसे त्यांच्या हातावर ठेवत,
आणि मागच्या रांगेतली एक बाई
मान वर करून बघू लागली.