मागे जाता येत नाही तोवर

गॅरेजवाल्याने बत्तीसशे डॉलर सांगितले.
पिकअपची किंमत, सगळ्या गंजासकट, दोन हजार.
मी हिशेबाला कागदसुद्धा घेतला नाही.

थंडर बेमध्ये नोव्हेंबर म्हणजे
दार उघडायचं तर दारालाच खांदा लावायचा.
हीटर एकच. तो मी वळवला
गिअरबॉक्सकडे, माझ्याकडे नाही.
गारठ्यात सील ताठरतात, असं पुस्तकात होतं;
माणसाबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

जॅकवरून उतरताना तो डुलला,
तेव्हा मी त्याला मिठी मारली,
लग्नात नाचता नाचता कलंडणाऱ्या मामाला मारावी तशी.
लाल तेल कोपरांपर्यंत.

मग दहा रात्री नुसती उकल.
इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून उसने आणलेले
मफिनचे चार पत्रे, बारा-बारा खळग्यांचे.
सर्क्लिप, वॉशर, स्प्रिंग, स्प्रिंग,
आणि तिच्यासारखीच दिसणारी, पण ती नव्हे, अशी एक स्प्रिंग.

तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या चकत्या काळ्या ठिक्कर.
करपल्याचा वास मला परका नाही:
सव्वीस वर्षं मी बुडाचं करपलेलं
वरच्याला कळू न देता वाढत आले.

टॉइवो पलीकडच्या घरातून येतो, स्वतःची खुर्ची घेऊन.
जन्म धान्याच्या कोठारांवर गेला त्याचा.
म्हणतो, "गाडीनेच ठरवायचं, कुठला गिअर?
मग आपण कशाला बसायचं आत?"
आणि कॉफी संपली तरी हलत नाही.

आत एक सूर्य असतो.
खरंच, त्याला सूर्यच म्हणतात,
भोवती ग्रह, ग्रहांबाहेर दातेरी कडं.
एकाला धरून ठेवलं की दुसरा फिरतो.
त्याला सोडून तिसऱ्याला धरलं, की चाल बदलते.
म्हणजे सगळी गती
कुणीतरी जागच्या जागी थांबण्यातून येते.
मी पाना खाली ठेवला
आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

नव्या चकत्या रात्रभर तेलात भिजवल्या, राजम्यासारख्या.
पोलादी गोळ्या पेट्रोलियम जेलीत रुतवल्या,
झाकण बसेपर्यंत श्वास घेतला नाही.
मग कॉम्प्रेसरची हवा, एकेका भोकात.
ठप्प.
ठप्प.
टॉइवो खुर्चीतून उठला.
ठप्प.
शेवटच्या भोकात जे झालं
ते ठप्प नव्हतं.
फस् होतं, बारीक,
जेवणानंतर कुणी तोंडावर रुमाल धरावा तसं.
मी स्वतःला सांगितलं: ठप्प.

पहिल्या दिवशी ती तळ्यापर्यंत गेली,
लोण्यातून सुरी जावी तशी चारही गिअर बदलत.
मी काच खाली करून ओरडले, उणे अकरात.
बर्फाने धरलेल्या काठाशी थांबले,
दांडा रिव्हर्सला टाकला,
इंजिन गुरगुरलं,
आणि पिकअप विचार करत उभी राहिली.

आठवडाभर मी अशी जगले:
उतार बघून थांबायचं,
नाक रस्त्याकडे ठेवूनच उभं करायचं,
ज्या गल्लीतून पलीकडे वाट नाही
तिथे ज्यांची घरं, त्यांना फोनच करायचा.
एकदा रात्रपाळीच्या तीन नर्सनी ढकललं,
पांढऱ्या बुटांनी, खिदळत.

रविवारी पुन्हा जॅक, पुन्हा मिठी, पुन्हा पत्रे.
(स्वयंपाकघराने निरोप धाडला: ते आता तूच ठेव.)
सीलची कड आतून दुमडलेली सापडली,
वाचता वाचता पान मुडपावं एवढीच.

"तुला ऐकू आलं होतं ना, त्या दिवशी?"
टॉइवोने कप खाली ठेवला.
"आलं होतं, इर्मा.
पण मी तुझा चेहरा पाहिला."

बुधवारी रात्री मी पिकअप मागे घेतली.
दारातून बाहेर, बर्फावर, उलटी,
टॉइवोच्या कुंपणाला लागता लागता.
मग आत. मग परत मागे.
साडेअकरा वाजले होते.
त्याच्या खिडकीतला दिवा लागला, विझला,
पुन्हा लागला.