वात पडली तर

थोरल्या दवाखान्यात, तातडीच्या विभागामागं
कानाची खोली. एक स्टूल, एक दिवा,
आणि रजिस्टर, ज्यात तीच नावं फिरून फिरून.

बाबगोंडा, हुपरी. सोमवारी, बुधवारी, गुरुवारी पहाटे.
कानात घातलेली औषधाची वात
झोपेत उशीवर पडली,
त्यांना वाटलं आतलंच काहीतरी सुटलं.
चांदीचं काम बुडवून, दोन वडाप बदलून
रुमालात बांधून आणलेली:
"सिस्टर, हे माझ्यातलंच हाय न्हवं?"

मी हसले नाही. म्हणजे हसले, पण मास्क होता.
सूज उतरली की वात पडणारच,
हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.
डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "काही वाटलं तर या,"
तेही दुखऱ्या कानाच्या बाजूनं.

त्या रात्री केसपेपरच्या पाठीवर
जाड पेनानं लिहिलं:
वात पडली तर घाबरू नका, टाकून द्या.
थेंबांची बाटली आधी मुठीत धरून कोमट करा,
गार थेंबानं गरगरतं.
दोन दिवस दुखेल. मग रोज थोडं कमी.
रंकाळ्यात उडी नको.
लसणीचं तेल आमटीला ठेवा.
आणि खाली, लाल शाईनं:
ताप चढला, कानामागं सुजलं, तोंड वाकडं झालं
तर रात्री दोन वाजताही या.

झेरॉक्स रुपयाला एक. पहिल्या शंभर माझ्याच.

दिवाळीपर्यंत रांग आखडली.
महिन्याला चाळीस परत यायचे, तिथं अकरा.
मोठ्या सरांनी आकडा दोनदा मोजला, चहा सांगितला.
माझा कप तसाच निवला.
न आलेली माणसं बरी झाली,
की कागद बघून घरीच दबली?
रजिस्टरात दोघांचीही जागा सारखीच कोरी.

म्हणून दुपारी फोन लावत बसते.
शमशाद मुजावर: "कान? कवाच बरा. इसरले बी."
फौंड्रीतला रणधीर उचलत नाही, उचलला तर ऐकू येत नाही.
तानूबाई खोत, गगनबावड्याकडच्या, शुगरच्या.
सुनेनं घेतला.
"पाणी पिताना एका अंगानं गळतंय त्यांचं.
पर त्या म्हणत्यात, उगं जायचं न्हाई, कागद दिलाय."
"अगं, त्यातलं लाल शाईतलं वाच!"
थोडा वेळ नुसता कागदाचा आवाज.
"सिस्टर, समदं काळंच हाय की ओ."

शेकडो वेळा माझ्या हातून गेलेला कागद.
मला ती ओळ लालच दिसत होती.

आता ड्युटी लागली की आधी
गठ्ठ्यातल्या एकेका कागदावर लाल रेघ ओढते,
आणि चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन वाचून दाखवते.

त्या संध्याकाळी उसाच्या गाड्यांतून वाट काढत
तानूबाई आल्या.
अकराचे बारा झाले.
ते नाव मी सावकाश, सगळ्या काना-मात्रांसकट लिहिलं.