एकरंगी

पाषाणच्या प्रयोगशाळेत, भर दुपारी
पडदे ओढून मी बिया मोजते.
मोहरीच्या कुळातलं किरकोळ तण,
बी खसखशीहून बारीक.
निळ्या दिव्याखाली निम्म्या लाल-हिरव्या उजळतात,
निम्म्या काळ्याच राहतात.
अधूनमधून एखादी नुसती लाल,
एखादी नुसती हिरवी.
मला हव्यात त्या ह्याच.

दोन्ही जनुकं आम्हीच घातली.
घातली म्हणजे जीवाणूच्या हवाली केली,
तो कुठे टाकेल ते त्याचं तो जाणे.
लाल पडलं तिसऱ्या गुणसूत्राच्या शेंड्याशी.
हिरवं त्याच धाग्यावर, पण नेमकं कुठे
ते सापडेपर्यंत माझा प्रबंध अडलेला.

काचघरात पाणी घालणारे हुसेनभाई तांबोळी
कोंढव्याहून दोन बस बदलून येतात.
चिमट्यातली बी न्याहाळत विचारतात,
"मग त्या दोघांतलं अंतर कुठल्या पट्टीनं मोजायचं?"

पट्टी नाही, हुसेनभाई.
परागकण घडायच्या आधी
आईकडचा धागा नि बापाकडचा धागा
एकमेकांना बिलगतात, तुटतात,
दुसऱ्याच्या टोकाला सांधले जातात.
त्या गडबडीत लाल-हिरव्याची
जितक्यांदा ताटातूट, तितके ते लांब.
कधीच सुटत नाहीत ते शेजारी.

"असं होय! आमचा कंडक्टर पण
स्वारगेट किती लांब ते किलोमीटरात सांगत नाही,
सिग्नल मोजून सांगतो."

मी हसते, मग हसायची थांबते.
गुणसूत्राची कंबर आवळलेली असते ना,
तिथे कोसभर गेलं तरी काही सुटत नाही.
शेंड्याकडे दोन पावलांत सुटतं.

सहा वाजता बेरीज: बाराशे चाळीस.
एकरंगी एकशे चोवीस.
दहा सेंटीमॉर्गन.
वहीत आडवी रेघ ओढते,
लाल ठिपक्यापासून जरा दूर
एक हिरवा ठिपका, पेन्सिलीने.

कुपीत भरताना पुन्हा मोजल्या
तर बाराशे एकोणचाळीस.

टेबलाखाली, फ्रिजमागे, माझ्या चपलेच्या पट्ट्यात.
हुसेनभाई मोबाइलचा उजेड धरतात,
मी गुडघ्यांवर.
मोजली तेव्हा ती कुठल्या रकान्यात होती,
ते आता कोण सांगणार?

तळटीप लिहिते: एक बी हरवली.
"फरशीच्या भेगेत गेली असेल," म्हणतात हुसेनभाई,
आणि जाताजाता
झारीतलं उरलेलं पाणी
तिथे ओततात.