डावा गाल

रामबागेतल्या माझ्या दवाखान्यात
लांभाते दर सहा महिन्यांनी दाढ दाखवायला येतात.
या खेपेला दाढ नव्हती. म्हणाले,
"डॉक्टर, तुमचा तो छोटा आरसा
एका म्हातारीच्या तोंडात घालायचाय."

म्हातारी जेवणाच्या टेबलावर निजलेली,
अंगाखाली सतरंजी.
मार्टिनी-हेन्री. त्यांच्या लायसनवरची शेवटची नोंद.
त्यांनी खटका खाली ओढला, खजिना उघडला,
आधी स्वतःची करंगळी आत घातली,
मग मला घालायला लावली.
"तीस वर्षं रिकामी आहे, तरी आजही भरलेलीच समजायची.
माझ्या शब्दावर जाऊ नका. बोटावर जा."

मी आरसा तिरका धरला, टॉर्च लावला.
सात आटे, पीळ घेत घेत अंधारात उतरलेले,
तोंडाशी जराशी कीड,
पुढे लख्ख.
"भरता येईल?" त्यांनी विचारलं,
आणि आम्ही दोघंही एकदम हसलो.
मी हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरते.

मग चार महिने सामान जमवणं.
सियागंजातल्या तय्यबअलींनी नळीची पितळी टोपी दिली,
ती दुसऱ्याच जातीच्या रायफलची निघाली, परत गेली.
पट्टा बग्ग्यांचे साज शिवणाऱ्या नथ्थूलालने केला,
मेणदोरा, इंचाला आठ टाके.
"चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा करू नकोस रे,"
लांभाते त्याला बजावत होते,
"काळा व्हायचा तेव्हा होईल."
ग्वाल्हेरला संगीन मिळत होती, अगदी जोडीची.
घेतली नाही.
मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

दस्त्याला जवसाचं तेल मी चोळलं.
तेव्हा हाताला लागलं:
उजव्या अंगाला लाकूड झिजून
उथळ बशी झालीय.
तिथे कुणीतरी गाल टेकत होतं,
वर्षानुवर्षं,
डावा गाल.

मीही डावरी. कॉलेजात सगळ्या खुर्च्या उजव्यांच्या,
सर म्हणायचे, हात बदल नाहीतर विषय बदल.
"फौजेत डावरा?" लांभाते बराच वेळ लाकडाकडे बघत राहिले.
"पण हिला डावं-उजवं नाही बघा. खटका पोटाखाली.
कुणा हवालदाराने डोळेझाक केली असेल."
दस्त्यावरच्या चकतीत नाव नाही,
नंबर आहे, त्याचेही शेवटचे दोन आकडे गेलेले.

पहिला बार माणसाने खांद्यावरून काढायचा नाही.
महूच्या रस्त्याला क्लबची रेंज, मागे मुरमाचा उंच बांध.
ट्रकच्या जुन्या टायरला तिला आवळून बांधली,
चापाला सुतळी,
आम्ही विटांच्या भिंतीआड,
कानांत बोळे, डोळ्यांवर माझ्याच दवाखान्यातले चष्मे.
दारू निम्मीच.
लांभात्यांनी सुतळी ओढली ती
पतंगाला ढील देणाऱ्या माणसासारखी, हलकेच.
धूर एवढा की टायर दिसेना.
मग काडतुसाची नळी नखाने चाचपली:
चीर नाही, फुगवटा नाही.
असे पाच.

सहावा माझा.
मी पालथी पडले, गाल टेकवला,
आणि तो बशीत बसला,
न शोधता.
कुणाच्या तरी दाढीचे खुंट
शंभर वर्षं आधी जागा करून गेलेले.
लांभाते मागून म्हणत होते, बोट बाहेर, बोट बाहेर, मी सांगेन तेव्हाच आत.
धक्का आला.
कागद कोरा. गोळी मुरमात कुठेशी.

त्यानंतर किटली. उकळतं पाणी नळीतून तीनदा,
काळं, करडं, मग आमच्या विहिरीसारखं.
चिंधी. तेल. पुन्हा करंगळी.

सोमवारी पहिल्या पेशंटला "आ करा" म्हणताना
डावा खांदा ठणकला.
आरसा त्यांनी धुऊन, फलाटीनमध्ये गुंडाळून परत पाठवला.
दोनदा उकळला, वास जात नाही.
कुणाच्या तोंडात आता घालता यायचा नाही.
खणात ठेवलाय, डाव्या.