गार्डाचा डबा

लडलो, मार्चची सकाळ. तिकीटखिडकी
माझ्या कपाळाच्याही वर.
पितळी जाळीतून ओणवून मिस प्रॉबर्ट म्हणाल्या,
"डब्याचं दार एकोणीसशे बारातलं, बाई.
तुमच्या खुर्चीला दोन बोटं कमी पडतं. रुंद केलं
तर ते मग ते दार राहायचं नाही."
खरंच होतं त्यांचं.
मी चाकं जराशी मागे घेतली.
धूर मात्र सगळ्यांवर सारखा येत होता.

तेवढ्यात मालशेडमधून हॉरेस,
टोपी तेलकट, एक फळी ओढत आला:
आडव्या पट्ट्यांची, कंपनीची अक्षरं पुसट.
"हीसुद्धा तेव्हाचीच.
हिच्यावरून मेंढ्या चढल्या, पियानो चढले,
शर्यतीची कबुतरं तर दर शुक्रवारी."

म्हणजे चढ होता.
माझ्याआधी मेंढ्यांना ठाऊक होता.

गार्डाच्या डब्यात खिडकीला गज,
कोपऱ्यात रिकामी करंडी,
आणि ब्रेकचं चाक
नेमकं माझ्या खांद्याशी.
"फिरवा," हॉरेस म्हणाला, "अर्धा फेरा, डावीकडे."
थंडगार होतं. जड होतं.
फिरलं.
खाली फलाटावर मिस प्रॉबर्टनी
घड्याळ पाहिलं, शिट्टी ओठांशी नेली,
आणि माझ्या हाताकडे बघत थांबल्या.